डाव्या हाताचं लोढणं

पियानो मी हौसेनं घेतला, असं आमच्या घरी येणाऱ्या पाहुण्यांना वाटतं. मी ते खोडून काढत नाही. खरं म्हणजे मी स्टूल घेत होतो.

आमचं गाव कोल्हारजवळ, प्रवरेच्या काठाला. दिवाळी उरकली, बाजरी घरात आली, सोयाबीन विकून झालं, की आमच्या चर्चमध्ये हंगामाचा सण होतो. ज्याच्या रानात, गोठ्यात, परसात जे पिकलं असेल, त्यातलं पहिलं देवाला आणायचं. वेदीपुढं डांगरं म्हणजे लाल भोपळे, कांद्याच्या गोण्या, उसाच्या मोळ्या, अंडी, पाय बांधलेल्या कोंबड्या असा सगळा बाजार मांडतात आणि उपासना संपली की तिथंच त्याचा लिलाव होतो. या लिलावात वस्तू हवी म्हणून बोली चढते असं फार कमी वेळा होतं. मेहुणा दाजीला चढवतो, व्याही व्याह्याला चढवतो आणि साधं डांगर सोन्याच्या मोलानं कुणाच्या तरी गळ्यात पडतं. पडलं की तक्रार नाही. देवाच्या घरात बोललेली बोली मागं घेता येत नाही. हा नियम कुठं लिहिलेला नाही, पण मोडलेलाही मी पाहिला नाही.

मी चर्चचा पेटीवाला. जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होतो. नोकरीच्या सुरुवातीला राजूरला होतो, तिथं पावसाळ्यात संध्याकाळी करायला दुसरं काही नसायचं, तेव्हा पेटीला हात लागला. पुढं पाथर्डीकडं बदली झाली. दिवाळीनंतर अर्धा वर्ग आईबापांबरोबर ऊसतोडीला निघून जायचा आणि उरलेल्या पोरांचं मन लागेना, म्हणून मी पेटी काढून त्यांना गाणी शिकवायचो. निवृत्त होऊन गावी आलो तो पेटी घेऊनच. आता मात्र गुडघे कुरकुरायला लागले होते. मांडी घालून बसलो की उठताना दोघांनी धरावं लागायचं. पेटी टेबलावर आणि आपण स्टुलावर, असं काहीतरी करावं हे बरेच दिवस डोक्यात होतं.

त्या वर्षी सणाला पेटी झाकून, कपडा बांधून मी पुढं येईपर्यंत लिलाव सुरू झाला होता. एक डांगर आणि एक कोंबडी यांच्या मधोमध गोल स्टूल ठेवलेलं दिसलं. काळं लाकूड, पितळी पाय, फिरवलं की उंच होणारं. मी बोली लावली. पलीकडून मेहुण्यानं वाढवली. मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, आमच्याच आळीत राहतो आणि माझी फजिती हे त्याचं वर्षभराचं पीक आहे. तो इतक्या ईर्षेनं का चढवतोय हे बघून मलाही चेव आला. शेवटी स्टूल माझं झालं आणि अख्खं चर्च हसायला लागलं.

लिलाव करणाऱ्या पंचांनी मग मी यायच्या आधी सांगितलेलं पुन्हा एकदा सांगितलं. मूळच्या आमच्या गावच्या, पण नगरला जन्म काढलेल्या एक निवृत्त मेट्रनबाई कायमच्या मुलीकडं पुण्याला निघाल्या होत्या. शेत नाही, गोठा नाही, मग देवाला काय द्यायचं, म्हणून त्यांनी घरातला पियानो दिला होता. तो उचलून आणणं अवघड, म्हणून खूण म्हणून फक्त त्याचं स्टूल पाठवलं होतं. मेहुण्याला हे सगळं ठाऊक होतं.

"दाजी," तो म्हणाला, "आता वाजवा."

पियानो टेम्पोतून आला. नगर-मनमाड रस्त्यावरच्या प्रत्येक खड्ड्याला त्यानं आतून जबाब दिला, असं टेम्पोवाला सांगत होता. घराचं दार अरुंद निघालं, म्हणून पडवीतच ठेवावा लागला, नेमका जिथं बायको कांदा पसरते तिथं. तिनं कमरेवर हात ठेवून त्याच्याभोवती एक चक्कर मारली. एवढ्या जागेत एक कालवड बांधता आली असती, असं म्हणाली. मग तिनं निकाल दिला. पुढच्या सणापर्यंत मी एक भजन गाऊन, दोन्ही हातांनी वाजवून दाखवायचं. जमलं तर पियानो राहील. नाही जमलं तर ज्या वाटेनं आला त्याच वाटेनं जाईल, म्हणजे लिलावात. मी हो म्हणालो. पेटी वाजवणाऱ्याला एक भजन काय जड, असं तेव्हा वाटलं.

पेटीची एक गोष्ट ज्यांनी वाजवली त्यांनाच ठाऊक असते. पेटी उजव्या हातानं वाजते आणि डाव्या हातानं जगते. डावा हात मागं भाता मारत राहतो. तो थांबला की सूर थांबला. इतकी वर्षं माझा डावा हात तेवढं एकच काम करत आला होता, आणि आता त्याला मी म्हणत होतो, बाबा रे, तू पुढं ये आणि खालच्या पट्ट्यांवर बस. तो दोन ओळी बसायचा. मग हळूच उठायचा, पुढच्या लाकडी फळीला जाऊन चिकटायचा आणि तिथं भाता मारायला लागायचा. फळीवर टप टप आवाज यायचा. माझं लक्ष उजव्या हाताकडं, त्यामुळं मला ते कळायचंही नाही. आतून बायकोच सांगायची, "सुटला वो हात."

मोबाईलवर धडे बघितले. एक परदेशी मुलगा फार गोड हसत शिकवायचा, पण भाता विसरायचा कसा हे त्याच्या धड्यात नव्हतं. नगरहून पेट्या दुरुस्त करणारे एक ओळखीचे चाचा आले. त्यांनी वरचं झाकण उघडलं, तारा आणि हातोड्या बघितल्या, बराच वेळ मान डोलावली आणि यात हवा कुठून येते असं विचारलं. हवाच नाही म्हटल्यावर हे आपल्या खात्यातलं नाही असं सांगून त्यांनी चहा घेतला. जाताना उंदीर लागू नयेत म्हणून आत कडुनिंबाचा पाला ठेवायला सांगितला. तो मी अजून ठेवतो. मधल्या सप्तकातली एक पट्टी मुकी होती, ती मुकीच राहिली. भजनात ती आली की तेवढा सूर मी मनात म्हणायचो.

तरीही मला तो पियानो आवडायला लागला होता, आणि पहिल्या महिन्यातच. पेटीचा सूर सोडला की लगेच मरतो. याचा सूर पट्टी दाबून ठेवली तर आपला आपण लांब जातो, बारीक बारीक होतो, आणि गोठ्यातल्या गाईच्या रवंथापर्यंत ऐकू येत राहतो. मला ते ऐकत बसायला आवडायचं. चार वाजता चहा घेऊन मी पडवीत बसायचो ते गाईंची धार काढायची वेळ होईपर्यंत. जन्मभर पोरांना 'पुन्हा म्हण, पुन्हा म्हण' करत आलो, आता स्वतःला म्हणत होतो आणि त्या पोरांइतकाच मठ्ठपणा करत होतो. इतकं निवांत मला नोकरीत कधी वाटलं नव्हतं.

डाव्या हातावरचा इलाज बायकोनं काढला. आमच्याकडं एक गाय होती, दावं सोडलं की थेट शेजाऱ्याच्या लसूणघासात. अशा गाईच्या गळ्यात लाकडाचा ओंडका बांधतात, त्याला लोढणं म्हणतात. ते पायात येत राहतं, मग गाय पळत नाही. बायकोनं फडक्यात बाजरी घालून पुरचुंडी केली आणि माझ्या डाव्या मनगटाला बांधली. "ओढाळ हाय तुमचा हात," ती म्हणाली, "लोढणं घाला त्याला." गंमत म्हणजे उपयोग झाला. हात उठायला लागला की बाजरी जाणवायची आणि मी त्याला परत खाली बसवायचो.

उन्हाळ्यापर्यंत भजन पूर्ण वाजायला लागलं. मात्र एक अट होती. मी तोंड मिटून ठेवलं, तर हात शहाण्यासारखा राहायचा. गायला तोंड उघडलं, की माझ्यातला पेटीवाला जागा व्हायचा आणि हात बाजरीसकट भात्याला पळायचा. आणि बायकोची अट गाऊन वाजवायची होती.

त्याच दिवसांत एकदा ती आत कणीक मळताना तेच भजन गुणगुणत होती. तिचा सूर कुठं आहे म्हणून मी सहज पट्ट्यांवर शोधायला लागलो. माझ्या गळ्याची पट्टी काळी एक. चर्चमध्ये सगळे माझ्याच पट्टीत गातात, कारण पेटी माझ्या हातात. तिचा सूर बराच वर, काळी चारवर सापडला. म्हणजे आम्ही गावी आल्यापासून दर रविवारी बाई माझ्या पट्टीत घसा दाबून गात होती आणि बायकांच्या बाजूला शेवटच्या रांगेत ती गाते आहे हे कुणाला कळतही नव्हतं, मलासुद्धा. मी तिचा सूर धरला तशी ती गप्प झाली. पण त्या दिवसापासून माझा रियाझ झाला की तेच भजन एकदा काळी चारमधूनही वाजवायचो. आतून कधी भांडं आपटल्याचा आवाज यायचा, कधी काहीच यायचा नाही. तिनं पियानोवर दुधाची किटली ठेवायचं बंद केलं होतं, हे माझ्या जरा उशिराच लक्षात आलं.

सणाच्या आदल्या दिवशी दुपारी परीक्षा झाली. ती बाजरीच्या पोत्यावर बसली. मी पुरचुंडी बांधली आणि सुरुवात केली. पहिलं कडवं बरं गेलं. ध्रुवपदाला आवाज चढला आणि हात सुटला, फळीवर बाजरी धपकन आपटली. पुन्हा केलं, पुन्हा सुटला. तिसऱ्यांदा तर पुरचुंडीची गाठच सुटली आणि बाजरी पट्ट्यांवर सांडली. कुणी हसलं नाही. मी हरलो असं मीच म्हणालो. ती बाजरीचे दाणे टिपून उठली आणि धार काढायला गेली. मला फार वाईट वाटलं. साठी ओलांडलेल्या माणसाला खेळणं जातंय म्हणून वाईट वाटतं, हे कुणाला सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी मी स्टूल उचललं, तिनं डांगर आणि अंडी घेतली आणि आम्ही चर्चला गेलो. स्टूल वेदीपुढं ठेवताना बऱ्याच जणांनी माझ्याकडं बघितलं. त्या उपासनेत पेटी मी कशी वाजवली ते मला आठवत नाही.

लिलावात स्टुलाची पाळी आली. पंचांनी हे कशाचं स्टूल आहे ते या वेळी नीट दोनदा सांगितलं. लोक हसले. पहिली बोली मेहुण्यानं लावली, माझ्याकडं बघत. मी चढवणं शक्य नव्हतं, देणाऱ्यानं आपल्याच वस्तूवर बोली लावायची नाही असा रिवाज आहे. एक-दोघांनी गंमत म्हणून वाढवलं. मग बायकांच्या बाजूनं, शेवटच्या रांगेतून एक आकडा आला. तो बराच मोठा होता आणि आवाज माझ्या घरातला होता.

पंच घुटमळले. वस्तू तुमच्याच घरची आहे, बाई, असं त्यांनी समजावून सांगितलं.

ती उभी राहिली. "वस्तू ह्यांची हाय," ती म्हणाली. "मी तिला कधी हात लावला न्हाई. माज्या दुधाच्या पैशानं घेतीय."

मेहुण्यानं सवयीनं तोंड उघडलं. तिनं नुसतं वळून त्याच्याकडं बघितलं. तो खाली वाकून एका कोंबडीच्या पायाची दोरी आवळायला लागला. पंचांनी तीनदा विचारलं आणि पियानो तिचा झाला.

परत येताना स्टूल माझ्याच खांद्यावर होतं. निम्म्या वाटेवर ते खाली टेकवून मी दम घेतला. मग विचारलं, अगं, अट तूच घातली होतीस ना.

"घातली व्हती," ती म्हणाली. "अट तुमाला व्हती, मला न्हाई. रोज चार वाजता पडवीत वाजतंय याची सवय झाली मला. आता त्यो माजा हाय. गायाचं मी बघते, तुमी निसतं गप बसून वाजवायचं."

घरी आलो. चहा झाला. ती पोतं ओढून माझ्या डाव्या बाजूला बसली, आणि मी तिला न विचारता काळी चार धरली. पहिली ओळ ती चर्चमध्ये गाते तशी दबून गायली. दुसऱ्या ओळीला आवाज मोकळा झाला आणि एवढा वर गेला की गोठ्यातल्या गाईनं मान वळवली. एवढ्या वर्षांत मी तिला असं कधी ऐकलं नव्हतं. ध्रुवपद आलं आणि राहवेना म्हणून मीही तोंड उघडलं. डावा हात उठला. पुरचुंडी बांधायची राहिली होती. गाणं न थांबवता तिनं माझं मनगट धरलं, खाली पट्ट्यांवर बसवलं आणि शेवटच्या कडव्यापर्यंत आपला हात त्याच्यावर तसाच ठेवला. मी तोंड मिटलं.