पांढरे कल्ले

मासा घेताना आधी कल्ला उचलून बघायचा, लाल असेल तरच ताजा, हे आईने मला मालवणच्या बाजारात शिकवलं. दक्षिण ध्रुवाकडच्या समुद्रात मासे मोजणाऱ्या जहाजावरही जाळ्यातला मासा समोर येताच माझा हात सवयीने तिथेच गेला. कल्ले पांढरेफटक! "शिळा दिसतोय," मी म्हणाले, आणि त्याने शेपटी अशी आपटली की गार पाणी तोंडावर उडालं. इथल्या या माशाचं रक्तच बिनरंगी असतं, हे मी पुस्तकात वाचलं होतं. हाताने कुठे वाचलं होतं? माणूस कितीही लांब गेला तरी पारख घरचीच घेऊन जातो. हसत हसत त्याची लांबी मोजली, पाण्यात सोडला.

फोनवर आईला सगळं सांगितलं. ती हळहळली, "इतको ताजो मासो, आणि सोडलंस गो?"