चार पावड्यांचा बोर्ड

रविवार, २१ एप्रिल. सकाळी आठलाच ऊन चटके देत होतं. वारा अजिबात नाही. बाल्कनीतला पारा दुपारी दोनला बेचाळीस.

मंद्रूपला आमच्या ड्रमवाल्या दत्ताच्या मुलीचं लग्न होऊन आज आठवडा झाला. गिटारचा बोर्ड तेव्हापासून आमच्या बाल्कनीत पडून होता, तिथल्या मातीसकट. आज जुना टूथब्रश घेऊन साफ करायला बसलो आणि एका फटीत अक्षतेचा दाणा सापडला. मग ब्रश बाजूला राहिला आणि मी वह्या काढल्या.

आमचा ऑर्केस्ट्रा म्हणजे चार माणसं. सलीमभाई मुख्य गिटार, श्रीनिवास कीबोर्ड, दत्ता ड्रम आणि ढोलकी, मी साथीची गिटार. गायक येतात, जातात. आम्ही चौघं तेच. मी कॉलेजात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक आहे, म्हणून हे सगळे मला मास्तर म्हणतात, आणि वायरी, सोल्डर आणि शिव्या हे खातं माझ्याकडे आहे. प्रत्येक कार्यक्रमानंतर मी वहीत लिहून ठेवतो: कोणती वायर कुठून कुठे गेली, काय बिघडलं, कशाने सुधारलं. कोण काय बोललं ते समासात. बावीस वर्षांत नऊ वह्या झाल्या. मधला मजकूर आता कोणाच्याच कामाचा नाही, कारण त्या वायरीच उरलेल्या नाहीत. समास मात्र भरत गेले.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: पेडल म्हणजे गिटारवाल्याच्या पायाखाली ठेवायची डबी. वरचं बटण दाबलं की गिटारचा आवाज फाटतो, घुमतो किंवा लांबत जातो. हात तारांवर गुंतलेले असतात, म्हणून हे काम पायाकडे. अशा चार-पाच डब्या एका फळीवर बसवल्या की झाला पेडलबोर्ड. सांगायला एवढंच आहे.

* * *

आमचं पहिलं पेडल मी प्रयोगशाळेत, सुट्टीच्या दिवशी, स्वतः जोडलं होतं. आवाज फाडणारं. पत्र्याची पेटी मिळेना, म्हणून ते माझ्या जेवणाच्या डब्यात बसवलं. झाकणावर बटण, बाजूला दोन भोकं. दिसायला डबा, पण काय वाजायचं!

अक्कलकोटकडच्या एका लग्नात पहिल्या भागानंतर आम्ही पंगतीला बसलो. बोर्ड तेव्हा नव्हताच. डबा सलीमभाईंच्या खुर्चीखाली ठेवलेला. जेवून परत आलो तर डबा गायब. शोधत शोधत मागे भांडी घासायच्या जागेपर्यंत गेलो. तिथे तो उपडा घातलेला, उन्हात चकाकत होता.

मी भांडी घासणाऱ्या बाईंना विचारलं, "मावशी, यात काही होतं का?"

"व्हय की," मावशी म्हणाल्या. "उंदरानं घर केलं हुतं आत. समदं उपसून टाकलं आन राखेनं घासून ठिवलाय. डबा चांगला हाय, भोकं तेवढी बुजवून घ्या."

* * *

उन्हाळ्यात खेड्यातले कार्यक्रम म्हणजे घरघर. जमीन कोरडी पडली की अर्थिंग बसत नाही आणि स्पीकरमधून गिरणी चालल्यासारखा आवाज येत राहतो. मी वायरी बदलायचो, प्लग उलटे लावायचो, घाम पुसायचो. एकदा दत्ता ढोलकी ठेवून उठला, अर्थिंगच्या सळईपाशी गेला आणि त्याने मूठभर मीठ टाकून वर घागरभर पाणी ओतलं. घरघर जागच्या जागी बंद.

"बोअरच्या मोटरीला आमी हेच करतो," दत्ता म्हणाला. "तुमच्या पुस्तकात न्हाय का हे?"

पुस्तकात होतं. मला सुचलं नव्हतं.

तेव्हापासून कार्यक्रम ठरवताना आम्ही यजमानांना सामानाची यादी द्यायचो त्यात शेवटी 'खडे मीठ, एक किलो' असायचं. एका गावात यजमानांनी विचारलं, "मीठ कशाला? दृष्ट काढायला?"

दत्ता म्हणाला, "व्हय. सलीमभाईच्या गिटारीला लई लागती."

संध्याकाळी बघतो तर घरातल्या आजी मीठ-मोहऱ्या मुठीत घेऊन स्टेजवर चढल्या होत्या. त्यांनी गिटारीवरून तीनदा ओवाळलं, मग जरा विचार करून सलीमभाईंवरूनही. सलीमभाई हात जोडून उभे. त्या दिवशी खरोखर काहीही बिघडलं नाही. वहीत 'दोष' या रकान्यात शून्य आहे.

* * *

पेडलवरचे नॉब कुठपर्यंत फिरवायचे, त्याच्या खुणा मी बायकोच्या पाकिटातल्या टिकल्या लावून करायचो. लाल टिकली म्हणजे पाच, हिरवी म्हणजे सात. सलीमभाईंना चष्म्याशिवाय आकडे दिसत नसत, टिकल्या दिसत.

एका लग्नात मुलीच्या पाठवणीची धून वाजवायची होती. हळू, गोड, सनईच्या अंगाने. सलीमभाईंनी नॉब खुणेपर्यंत फिरवला आणि पहिला सूर लावला, तो असा फाटला की मांडवातली कबुतरं उडाली. रडणारी सगळी मंडळी एकदम गप्प झाली. नवरीही.

मी वाकून बघितलं. लाल टिकली जागेवर नव्हती. हिरवी होती, तिथपर्यंत त्यांनी फिरवलेलं.

समोर नवरीची आत्या उभी होती. तिची टिकली घामाने पडली असणार. तिच्या कपाळावर माझा पाच नंबर होता.

* * *

डब्या फळीवर चिकटवायला चिकटपट्टी लागते, सँडलला असते तसली. खरखरीत बाजू एकीकडे, मऊ दुसरीकडे. श्रीनिवास म्हणाला, "आहे माझ्याकडे," आणि रुंद, झकास पट्टी घेऊन आला. आम्ही कापून लावली. बोर्ड उलटा धरला तरी एक डबी हलेना.

श्रीनिवासच्या वडिलांना आम्ही सगळेच नाना म्हणतो. मूळचे तेलुगू विणकर. आयुष्य हातमागावर गेलं, त्यामुळे कंबर कायमची धरलेली. दुसऱ्या दिवशी तालमीत नाना दारात येऊन उभे राहिले. बोर्डाकडे बराच वेळ बघत होते.

"माझा कंबरेचा पट्टा," ते म्हणाले.

श्रीनिवास कीबोर्डवर काहीतरी शोधू लागला.

"राहू दे आता," नाना म्हणाले. "डॉक्टर विचारला तर सांगतो, पट्टा गाण्याला लावलाय. गाणं ताठ आहे, मी वाकडा."

* * *

आता गेल्या दिवाळीचं. सलीमभाईंची शुगर वाढली, जखम चिघळली आणि उजव्या पायाची अंगठ्यासकट तीन बोटं काढावी लागली. आम्ही भेटायला गेलो तेव्हा डॉक्टर समजावत होते की टाच शाबूत आहे, चालता येईल, हळूहळू सगळं जमेल.

"डॉक्टरसाब, चलने का छोडो," सलीमभाई म्हणाले. "पेडल दबेगा क्या?"

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी पेडल म्हणजे काय ते सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "तेही हळूहळू."

ते गेल्यावर सलीमभाई म्हणाले, "हळूहळू दबनेवाला पेडल नै होता मास्तर."

घरी आल्यावर त्यांनी एकदा करून बघितलं. एक बटण दाबायला गेले, दोन दाबली गेली. "पायाला पुढं काय कळतच नै," ते मला म्हणाले. "दबलं का नै, ते आवाज आल्यावर कळतं. तोपर्यंत गाणं पुढच्या गल्लीत गेलेलं असतं." गिटार खोळीत घालून त्यांनी कपाटावर ठेवली. चार महिने आमचा एकही कार्यक्रम झाला नाही. बोलावणी येत होती. आम्हीच नाही म्हणत होतो.

मग दत्ताच्या पूजाचं लग्न ठरलं आणि तो पत्रिका घेऊन सलीमभाईंकडे गेला. मी बरोबर होतो.

"लग्नात तू वाजवायचंस," दत्ता म्हणाला.

"मैं खाने को आता ना."

"मग जेवनच ठेवत न्हाय."

"दत्ता, दुसरा बघ. सोलापुरात गिटारवाले कमी आहेत का?"

दत्ता उठला. दारात चप्पल घालताना म्हणाला, "पूजाच्या बारशाला कोन वाजवलं हुतं? दुसरा कोन आला हुता का?" आणि रिक्षा न करता चालत निघाला, जुळे सोलापूरच्या त्या टोकापासून या टोकापर्यंत. मी मागे.

* * *

बोर्ड नव्याने करायचा हे माझ्यावर आलं. मी मोठी बटणं लावून बघितली, डब्या लांब लांब मांडून बघितल्या. स्वतः पायाची बोटं घट्ट बांधून दाबून बघायचो, जमेना. शेवटी एका रविवारी श्रीनिवासच्या घरी सगळं पसरून बसलो होतो, तेव्हा नाना म्हणाले, "बोटं कशाला पाहिजे? मागावर बसतो तेव्हा पाय खड्ड्यात. दिसत पण नाही. पावडी कुठंही दाब, खाली जाते."

पावड्या म्हणजे हातमागाखाली पायाने दाबायच्या लाकडी पट्ट्या. हातभर लांब, एका टोकाला खिळलेल्या. नानांचा माग मोडला तेव्हा बाकीचं लाकूड गेलं. दोन पावड्या त्यांनी माळ्यावर ठेवल्या होत्या. का, ते श्रीनिवासलाही माहीत नव्हतं. त्या काढल्या तर मधोमध लाकूड पायाने झिजून गुळगुळीत झालेलं, बशीसारखं खोल.

त्या दोन आणि तसल्याच नव्या दोन, अशा चार पावड्या बोर्डावर बसवल्या. प्रत्येकीखाली एक स्प्रिंग, एक रबरी ठोकळा आणि एक डबी. टाचेने दाबली तरी बरोबर बटणावर बसते. दोन पावड्यांत किती अंतर ठेवायचं ते मी कागदावर काढलं होतं. नानांनी कागद बाजूला सारला, पाय ठेवला आणि खडूने रेघ मारली. माझ्या आकड्यात आणि त्या रेघेत बोटभर फरक होता. रेघ बरोबर निघाली.

पण सलीमभाईंना आणायचं कसं? दत्ताने फोन केला. "नाना लई आजारी हायत. येऊन भेटून जा."

सलीमभाई काठी टेकत, केळी घेऊन आले. नाना जमिनीवर बसून स्प्रिंगला तेल लावत होते.

"नाना, तबियत कैसी है?"

"मी बरा आहे. तू इथं उभा राहा."

सलीमभाईंनी दत्ताकडे बघितलं. दत्ता केळं सोलत होता.

ते उभे राहिले. खाली बघून एक पावडी दाबली. नानांनी खुंटीवरची चादर घेतली आणि चारही पावड्यांवर पसरली. "बघायचं नाही. बघितलं की चुकतं." दोन चुकल्या, तीन चुकल्या. नाना मांडीवर चापट मारायचे आणि म्हणायचे, "परत." गिटार नाही, वीज नाही, नुसता चादरीखालून लाकडाचा आवाज. तासभर. जमिनीवर बसलेला एक विणकर आणि बोर्डामागच्या भिंतीवर हात टेकलेला एक गिटारवाला यांची ती तालीम चालली होती, आणि आम्ही तिघं गुपचूप केळी खात होतो.

निघताना मी विचारलं, "सलीमभाई, लग्नाला?"

"नानांना दोन केळी ठेवा," ते म्हणाले आणि गेले.

* * *

मंद्रूपला अक्षता दुपारी बारा पस्तीसला पडल्या. बोर्ड मी सकाळीच मांडून ठेवला होता. सलीमभाई आले, हात हलवत. गिटार नाही. पंगतीला बसले, जिलबीला नको म्हणाले, दत्ताला मिठी मारली आणि शेवटच्या रांगेत जाऊन बसले.

साडेतीनला भाभी, म्हणजे सलीमभाईंच्या बायको, गाडीच्या डिकीपाशी गेल्या आणि खोळीतली गिटार काढून स्टेजवर आणून ठेवली. "ये भूल गए थे," त्या मला म्हणाल्या. सलीमभाई शेवटच्या रांगेतून बघत होते. मग उठले.

दत्ता फेटा, नवं धोतर अशा अवतारात ड्रमवर जाऊन बसला. नवरदेवाच्या मामांना ते पटलं नाही. "पाव्हनं, मुलीचा बाप वाजवतो होय?"

"तुमी च्या घ्या," दत्ता म्हणाला. "मी हितंच हाय."

सलीमभाईंनी सहा गाणी वाजवली. एकदाही खाली बघितलं नाही. नाना पहिल्या रांगेत बसून, डोळे मिटून, स्वतःचे पाय हलवत होते.

वऱ्हाड करमाळ्याचं. लांब जायचं म्हणून पाचला गाडी हलायची होती. पावणेपाचला मामा स्टेजजवळ येऊन म्हणाले, "आता शेवटचं घ्या. पाठवणीला मुलीचा बाप लागतो."

शेवटचं गाणं सुरू झालं. कडवी संपली आणि सलीमभाईंनी चौथी पावडी दाबली, आवाज लांब करणारी. त्यांचा एकट्याचा तुकडा सुरू झाला. तो संपला की दत्ताने एक ठोका द्यायचा आणि गाणं संपवायचं, असं बावीस वर्षं ठरलेलं. तुकडा संपत आला. दत्ताने ठोका दिला नाही. सलीमभाईंनी त्याच्याकडे बघितलं आणि तुकडा पहिल्यापासून घेतला. पुन्हा संपत आला. पुन्हा दत्ताने ठोका दिला नाही. पुन्हा सलीमभाईंनी पावडी दाबली. पूजा शालू सावरत मांडवाच्या खांबापाशी येऊन उभी राहिली होती. मामा घड्याळ दाखवत होते. श्रीनिवासने माझ्याकडे बघितलं, मी वाजवत राहिलो.

ते गाणं साडेचार मिनिटांचं आहे. त्या दिवशी ते एकोणीस मिनिटं चाललं. गाडी पाच वाजून बावीस मिनिटांनी निघाली.