मुंगूस, तार आणि सडा

निपाणीच्या एका मोटार दुरुस्तीच्या कारखान्यात मी तेव्हा फिटर होतो. फिटर म्हणजे काय, तर मिस्त्रींनी पाना मागितला की पाना देणारा. पण खानापूरजवळच्या आमच्या गावी सुट्टीला आलो, की इंजिनाचा शोध मीच लावला अशा थाटात फिरायचो.

त्या उन्हाळ्यात मुंगसानं बायकोच्या तीन कोंबड्या भरदिवसा नेल्या. उरली एकच, तिच्या माहेराहून आलेली. ती अकरा अंड्यांवर खुडूक बसलेली.

"अवं, ही बी गेली तर मी म्हायरी चालले. मग तुमीच बसा अंडी उबवत."

ही बाई बोलल्याप्रमाणे करणारी. मी निपाणीला जाऊन, मिस्त्रींच्या हातापाया पडून मोडीतल्या मोटारीची बॅटरी आणि ठिणगी पाडणारी कॉइल आणली. खुराड्याभोवती खुंट्या ठोकल्या, वीज खुंटीत उतरू नये म्हणून त्यांवर फुटक्या बाटल्यांची तोंडं बसवून वीतभर उंचीवर तार फिरवली. वीज भुईतून परत यावी म्हणून दुसरी तार जमिनीत रोवली. कॉइल टर्रर्र बोलू लागली.

"शिवलं की उडालंच बघ!"

दुसऱ्या दिवशी दुपारी मुंगूस आलं. त्यानं तारेला नाक लावलं, जरा शिंकल्यासारखं केलं आणि सरळ आत शिरलं. बायकोनं मुसळ फेकलं म्हणून कोंबडी वाचली. दोन अंडी मात्र गेली.

"लई भारी तार हाय. मुंगसाला नाक खाजवायची सोय झाली."

मी पुन्हा पुन्हा जोड तपासले. पायात जाड वहाणा होत्या. तार मुठीत धरली तरी काही नाही. कॉइल बोलतेय आणि तार मुकी! माझी सगळी विद्या तिथं संपली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोनं खुराड्यापर्यंत शेणाचा सडा घातला होता. ओल्या सड्यावर वहाणा घालून गेलो असतो तर तेही ऐकावं लागलं असतं, म्हणून अनवाणी गेलो. "मेलेली तार हाय गं," म्हणत ती धरली मात्र, असा बोंबललो की खुडूक कोंबडीसुद्धा अंडी सोडून उठली.

बायको पोट धरून हसली. मग एकदम थांबली.

"काल भुई ठणठणीत कोरडी हुती न्हवं? आज वली हाय."

तेव्हापासून तारेभोवती दिवसातून तीनदा सडा पडू लागला. तिसऱ्या दिवशी मुंगूस आलं, तारेला नाक लावलं आणि जे उलटं उडालं, ते कुंपणापलीकडेच दिसलं. पुन्हा फिरकलं नाही.

सात पिल्लं निघाली. ती बघायला सासरे आले, तेव्हा मी त्यांना बॅटरी आणि कॉइल समजावून सांगू लागलो. तेवढ्यात बायको चहा घेऊन आली.

"आप्पा, कोंबडी वाचली ती माज्या सड्यानं. ह्यांनी मुंगसाच्या आधी तार तपासून दिली, एवढंच."