पिठातला क्रूस

आधीच सांगते, असले अनुभव वाचायचा मला कंटाळा आहे. पांढरी साडी, उलटे पाय, गाडीला हात दाखवणारी बाई... पुरे झालं आता! आम्हा ख्रिस्ती लोकांतही काही कमी नाहीत. कुणाला स्वप्नात प्रभू दिसतो, कुणाला ढगात. मी श्रीरामपुरात शाळेत विज्ञान शिकवते, रविवारी चर्चला जाते, आणि मला आजवर कुठेही कुणी दिसलं नव्हतं. तरी लिहितेय, कारण माझ्या नावावर एक भलतीच गोष्ट घरोघरी फिरतेय आणि मला तिचा वैताग आलाय.

आमचं घर बेलापूर रस्त्याला, कॉलनीत. पुढे एक खोली, मधे एक, आणि पार मागे स्वयंपाकघर. माझे मिस्टर सुधाकर चर्चमध्ये पेटी वाजवायचे. गेल्या वर्षी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. तेही सोसलं मी. पण पुढे त्यांनी खाणंच सोडलं. चमचा ओठाशी नेला की दात घट्ट. डॉक्टरांनी नाकातून नळी घातली, ती यांनी डाव्या हाताने उपसून काढली. पुन्हा घातली, पुन्हा उपसली. शेवटी डॉक्टर म्हणाले, "मॅडम, सोमवारी पोटात नळी टाकू. पण माणसालाच जगायचं नसेल तर आम्ही तरी काय करणार?"

आणि भेटायला येणारे! देवा रे. "परीक्षा आहे, वहिनी." "प्रभू सोसेल तेवढंच देतो, वहिनी." मग माझ्याबद्दल त्याचा फारच मोठा गैरसमज झालेला दिसतोय — असं ओठांवर यायचं, पण मी चहा पुढे करायचे.

त्या शनिवारी सकाळी मी कसंबसं तोंडात घातलेलं दूध यांनी माझ्या तोंडावर थुंकलं. मी तोंड पुसत स्वयंपाकघरात आले. भिंतीवर सासूबाईंनी लग्नात दिलेला लाकडी क्रूस आहे. त्याला म्हटलं, "बघत काय बसलायस नुसता? यापुढे मी तुझ्याशी बोलणार नाही." खिळ्यावरून काढला, ज्वारीच्या पिठाच्या डब्यात खोल खुपसला आणि झाकण लावून टाकलं. हे कुणी पाहिलं नाही. सुधाकर पुढच्या खोलीत खाटेवर, मुलगी पुण्याला. आणि कुणाला सांगण्यासारखी गोष्ट तर ती नव्हतीच.

संध्याकाळी घरी प्रार्थना होती. शेजारच्या मंदाकाकूंनी ठेवली होती, मला न विचारता. आमच्यात आजारी माणसाच्या घरी मंडळी जमतात. सतरंजीवर बसून गाणी, प्रार्थना, मग चहा. आमच्या महिला मंडळाच्या बायका आल्या, बेलापूरची मंडळी टेम्पो करून आली. अशा वेळी तुम्ही कोण, कुणाकडच्या, असं कुणी विचारत नाही. 'सलाम' म्हणायचं, हाच आमचा नमस्कार, आणि सरकून जागा द्यायची.

त्यांच्यात एक म्हातारी होती. हिरवं लुगडं, भेगाळलेल्या टाचा, हातात कापडी पिशवी. ती सतरंजीवर बसलीच नाही, थेट सुधाकरांच्या खाटेच्या कडेला टेकली आणि शेवटपर्यंत तिथून हलली नाही. हे मी दहा वेळा आठवून पाहिलंय. चर्चचे पाळकसाहेब धीर धरण्यावर बोलत होते. बोलतच होते... माझा धीर संपला, मी चहा टाकायला उठले.

चहा दिला तर म्हातारी म्हणते, "साखर न्हाई घातली व्हय?"

"घातलीय, आजी."

"लई कमी घातली." झालं! एवढंच बाकी होतं. वर विचारते, "भाकर हाय का?"

"कालची आहे."

"चालंल की."

मला वाटलं हिलाच भूक लागलीय. आणून दिली. तिने ती आपल्या चहात कुस्करली आणि चिमटीने सुधाकरांच्या तोंडाशी नेली.

"आजी, नका हो, ते थुंकतात —"

"थुकू दे. लुगडं धुवाया येतं मला."

यांनी तोंड उघडलं. अख्खी भाकरी खाल्ली. बायका रडायला लागल्या, कुणी 'हालेलूया' म्हणालं. मी नुसती बघत उभी राहिले.

निघताना दारात तिने माझा हात धरला. आता हीसुद्धा परीक्षेचं सांगणार, म्हणून मी दात आवळले. ती हळूच म्हणाली, "रागावलीस त्ये बरं क्येलंस. पन पिठातनं काढ बाई त्येला. उद्या भाकर थापायची हाय ना तुला?"

मी भानावर येईपर्यंत टेम्पो निघून गेला होता. आत जाऊन आधी डबा उघडला, पिठात हात घातला आणि खूप रडले.

रविवारी चौकशी केली. आमच्या बायका म्हणाल्या, "त्या बेलापूरच्या ना?" बेलापूरच्यांना फोन केला, तर ते म्हणाले, "आमाला वाटलं, तुमच्या आत्याबाई हायेत." टेम्पोत ती बसलेली कुणालाच आठवत नाही. कॉलनीतून पायी जातानाही कुणी पाहिली नाही.

आता मंदाकाकू सगळीकडे सांगतात की देवदूत आला होता. लोक खाट बघायला येतात! एक बाई तर खाटेला हात लावून तो डोळ्यांना लावून गेली. अहो, देवदूत चहाला नावं ठेवतो का?

यांच्या खाण्याचं मला नवल नाही. डॉक्टर म्हणाले, असं कधीकधी होतं. पण क्रूस? मोकळा खिळा दिसला म्हणावं तर तो मागे स्वयंपाकघरात, आणि तिकडे ती गेलीच नव्हती. हाताला पीठ म्हणावं तर हात सकाळीच धुतले होते. मला उत्तर सापडलेलं नाही. विज्ञानाच्या बाईला हे लिहिताना किती चरफडायला होतं, ते तुम्हाला नाही कळायचं.

आणि सुधाकर बरे झालेले नाहीत, हेही सांगा म्हणावं त्या गोष्टीत. उजवा हात तसाच आहे, बोलणं नाहीच. पण चहात कुस्करलेली भाकरी खातात आणि साखर कमी पडली तर तोंड वाकडं करतात. परवा मी पेटीचा भाता हलवला, यांनी डाव्या हाताच्या बोटाने एक पट्टी दाबून धरली. सोडेचनात.

त्या सकाळी मी जे बोलले ते कुणीतरी ऐकलं होतं. म्हणजे त्याआधीचंही सगळं ऐकलं असणार. मग इतके महिने गप्प का बसलास, हे मी रोज भाकरी थापताना त्याला विचारते. क्रूस समोरच खिळ्यावर आहे. त्याच्या खाचेतलं पीठ मी अजून पुसलेलं नाही.