आप्पांना जपानला न्यायचं होतं

मला याद्या करायची खोड आहे. शाळेचं स्नेहसंमेलन असो की घरची कुरडई, माझी वही आधी निघते. त्यामुळे जपानला जायचं मनात आलं तेव्हा शिनोलीच्या आमच्या घरात सगळ्यात आधी दोनशे पानी वही आली. पासपोर्टपासून लसणाच्या चटणीपर्यंत सगळं तिच्यात लिहून झालं. तोवर घरातल्या कुणीही देशाबाहेर पाऊल टाकलेलं नव्हतं. मी घोडेगावच्या शाळेत विज्ञान शिकवते. वडील, म्हणजे आमचे आप्पा, डिंभ्याच्या कालव्यावर पाटकरी होते. कुणाच्या शेताला किती वेळ पाणी द्यायचं ते बघायचे. आम्हा दोघांचा लांबचा प्रवास म्हणजे नागपूरची दीक्षाभूमी.

जपानच का, तर आप्पांमुळे. विहारातलं एक जुनं कॅलेंडर कुणी तरी टाकून देत होतं. त्यातलं कामाकुराच्या मोठ्या बुद्धाचं चित्र आप्पांनी कापून घेतलं आणि फ्रेम करून भिंतीवर लावलं. मी चौथी-पाचवीत असेन तेव्हाची गोष्ट. मूर्ती उघड्यावर आहे, डोक्यावर छप्पर नाही, याचं त्यांना भारी कौतुक. "ऊन म्हनत न्हाई, पाऊस म्हनत न्हाई. बसलाय आपला निवांत," असं ते आल्यागेल्याला सांगायचे. सगळी नोकरी उन्हातान्हात केलेल्या माणसाला तो बुद्ध जवळचा वाटणारच. त्यांना एकदा तिथं समोर उभं करायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

बरोबर माझी भाची येणार होती. ती पुण्यात जपानी भाषा शिकते. रोज संध्याकाळी मोबाइल तांब्याला टेकवून आम्ही दोघं बसायचो आणि व्हिडिओ कॉलवर ती आमचा तास घ्यायची. मी वहीत उतरवून घ्यायचे, आप्पा शेरे मारायचे. चपला दाराबाहेर काढायच्या, यात आम्ही पास. जमिनीवर बसून जेवायचं, यातही पास. मग भाची म्हणाली, घरात घालायच्या सपाता वेगळ्या आणि संडासातल्या वेगळ्या.

"म्हंजे सपातांची बी बदली व्हती का तिकडं?" आप्पांनी विचारलं.

गाड्या ठरलेल्या मिनिटाला सुटतात, हे तर त्यांना मुळीच पटेना. डिंभ्याच्या एसटीची वाट बघण्यात त्यांचं अर्धं आयुष्य गेलेलं. "मग ष्टँडवर मानसं बोलत्यात कवा?" म्हणाले. भाची तिकडे हसून हसून लोळली.

एकदा तर त्यांनी परसातला बांबू तासून चॉपस्टिक्सच्या दोन जोड्या केल्या, काचेनं घासून गुळगुळीत केल्या. तेव्हा हौस होती, यात शंका नाही. पण पासपोर्टचं नाव काढलं की गडी पसार. एकदा कांद्याची लागण निघाली, एकदा गुडघा दुखला, एकदा कुठले तरी पावणे येणार होते, ते अजून यायचेत. फोटो काढायला म्हणून मी तीन शनिवार शाळा सुटल्यावर धावत घरी आले आणि तिन्ही वेळा घराला कुलूप. शेवटी एक दिवस म्हणाले, "तुमी दोघी जावा. माझं काय काम तिकडं?"

मी तापले. माझा आवाज चढला की शेजारची कुत्रीसुद्धा गप्प होतात. विमानाची भीती वाटते का, आजारी पडायची वाटते का, की जपानी माणसं खातील तुम्हाला, असं काय काय विचारलं. आप्पा शेंगा फोडत राहिले. त्या बुद्धासमोर मी एकटी उभी राहून काय करणार होते? त्यांच्याशिवाय ती सगळी वही मला फाडून टाकावीशी वाटत होती.

पुढच्या तासाला जेवणाचा धडा होता. भाचीनं सांगितलं, तिकडे वाडगा उचलून सरळ तोंडाला लावतात. नूडल्स तर चांगला आवाज करत ओढतात, कुणाला त्याचं काही वाटत नाही. मला हर्ष झाला. आमच्याकडे मासवडीचा रस्सा दुसऱ्या कुठल्या पद्धतीनं खातात? वाटी उचलायची आणि ओरपायची. भाकरी कुस्करून झाल्यावर ताटात उरेल तेही ओरपायचं. आणि त्यात आप्पांचा हात धरणारं पंचक्रोशीत कुणी नाही. पहिल्या भुरक्यालाच कळायचं, रस्सा जमलाय की फसलाय.

"आप्पा, ऐकलंत का! तिकडे सगळे तुमच्यासारखेच ओरपतात. आता तरी चला!"

आप्पा उठले आणि मागच्या दारी जाऊन बसले. भाचीला नंतर फोन करते म्हणून मी मागोमाग गेले.

"तुला मंचरचं हाटेल आठवतंय?" ते म्हणाले.

आठवलं. मी पर्यवेक्षिका झाले तेव्हा शाळेतल्या सगळ्यांना तिथं जेवण दिलं होतं. आप्पांना हौसेनं नेलं, शेजारी बसवलं. मासवडी आली, आप्पांनी वाटी तोंडाला लावली आणि तो मोठा भुरका मारला. टेबलावरच्या दोघीतिघी थांबून बघायला लागल्या. मी त्यांचं मनगट धरून वाटी खाली करायला लावली आणि कानात म्हणाले, "आप्पा, हळू. लोक बघतायत." पुढे ते चमच्यानं जेवले. घरी येईपर्यंत मी तो प्रसंग विसरूनही गेले होते.

आप्पा विसरले नव्हते. तेव्हापासून लग्नाकार्यात ते "जेवून आलोय" म्हणतात. घरीही माझं ताट उचलून झालं की आपलं ताट घेऊन ते मागच्या दारी बसतात. आत उकडतं, वाऱ्याला बसत असतील, असं मी धरून चालले होते. जग नीट बघावं, नोंदी ठेवाव्यात, असं पोरांना शिकवणारी मी! एका घरात राहून इतकी वर्षं मला हे दिसलं नव्हतं.

"अहो, पण तिकडे चालतं की ते," मी घाईघाईनं म्हणाले. "कुणी काही म्हणणार नाही तुम्हाला."

"तिथल्या मानसांचं म्हनत न्हाई मी. ती कोन माझी? तुझं म्हनतो. लाज वाटली व्हती ना तुला माझी?"

माझ्याकडे उत्तरं तयार होती. रस्सा गरम होता. तुम्हाला ठसका लागला असता. त्या बायकाच तसल्या होत्या. यातलं कुठलंही उत्तर आप्पांनी मान डोलावून घेतलंही असतं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गुडघा दुखला असता. मी पायरीवर त्यांच्या शेजारी बसले.

"हो," मी म्हणाले. "वाटली होती. फार वाटली होती, आप्पा."

बोलले आणि मला रडूच आलं. शाळेत ज्या आवाजाला पाचशे पोरं भितात, तो कुठे गेला कळेना. आप्पांनी खांद्यावरचा टॉवेल काढून माझ्या हातात दिला.

"पूस," म्हणाले. "गरम व्हतं, ठसका लागला असता, आसलं कायतरी सांगशील वाटलं व्हतं मला. तसं बोलली असतीस तर मी हितनं हललो नसतो."

मी टॉवेलात तोंड घालून हसायला लागले. रडणं अजून थांबलं नव्हतं. तेही हसले. मग एकदम पाटकऱ्याच्या जुन्या, दमात घेणाऱ्या आवाजात म्हणाले, "मी येतो. पन तिथं जेवताना माझा हात धरायचा न्हाई."