थकवा निरंक

बोरदऱ्याच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरांच्या जागा दोन, भरलेली एक. दुसऱ्या डॉक्टरच्या खुर्चीवर औषधांचे रिकामे खोके रचलेले असायचे. ते खोके उचलून तिथं एक माणूस बसवा, एवढंच मागणं डॉ. परमेश्वर देवकते वर लिहून लिहून दमला. वरून एकच उत्तर यायचं, प्रस्ताव विचाराधीन आहे. विचार करायला वरच्यांना काय, वेळच वेळ! इथं एकट्या माणसाच्या तोंडाला फेस येत होता त्याचं कुणाला काय पडलंय?

परमेश्वर मेंढपाळाच्या घरातला. बाप आप्पाराव अजूनही माळावर मेंढरं घेऊन फिरतो. पोरगा डॉक्टर झाला तेव्हा ह्या बाबानं पाटोद्याच्या बाजारात ओळखीच्या-अनोळखीच्या सगळ्यांच्या हातावर पेढा ठेवला आणि वर सांगितलं, "माजं लेकरू थकायचं न्हाई. मेंढरामागं चालून वाढलेलं हाय ते." बापाचं हे कौतुक पोराला पुढं फार जड गेलं. पण बापाला ते कोण सांगणार?

सकाळी दवाखान्याचं दार उघडायच्या आधी ओट्यावर माणसं बसलेली. ताप, जुलाब, विंचू, कुत्रा, बाळंतीण. ऊसतोडीला निघालेल्या बायांची तपासणी. कुणाला नुसता दाखला पाहिजे, पण त्याची घाई सगळ्यात जास्त. तेवढ्यात वरून मोबाइलवर मीटिंग, तिच्यात तोंड दाखवलं नाही तर नोटीस. नारायणगडावर गर्दीचा दिवस असला की तिथल्या मांडवात ड्युटी. कुणी मोठा पुढारी तालुक्यात आला की त्याच्या गाड्यांच्या ताफ्यामागं ॲम्ब्युलन्समध्ये बसून धूळ खायची, ती ड्युटीही ह्याचीच. रात्रीचं बाळंतपण निभावून आलेला माणूस सकाळी पुन्हा त्याच खुर्चीत.

आला तेव्हा असा नव्हता हो. म्हाताऱ्या बायांना नावानिशी हाक मारायचा. "काय मावशी, गोळ्या घेतल्या का शेळीला चारल्या?" असं विचारून हसवायचा. हळूहळू नावं सुटली. मग चेहरेही सुटले. मान खाली घालून विचारायचा, "काय होतंय?" आणि समोरचा सांगून संपायच्या आत कागदावर गोळ्या उतरलेल्या असायच्या. घरून बायको बबिताचा फोन आला तरी नुसतं "हं, हं." ती बीडला लेकीच्या शाळेपायी राहते. एकदा ती चिडून म्हणाली, "भिंतीशी बोलले असते तर तिनं तरी आवाज परत दिला असता!" त्यावरही हा "हं" म्हणाला.

आणि मग एक दिवस दवाखान्यात कुणाचं तरी लेकरू गेलं. तापानं फणफणलेलं, उशिरा आणलेलं, टेबलावरच मान टाकली त्यानं. त्यात डॉक्टरची काही चूक नव्हती, हे आईलाही कळत होतं. पण तिचा टाहो व्हरांड्यात चालू असताना परमेश्वरानं आतल्या खोलीत जाऊन डबा उघडला आणि भाकरी खाल्ली. सगळी खाल्ली. हात धुताना त्याच्या ध्यानात आलं, आपल्याला काहीसुद्धा झालं नाही. गळा दाटला नाही, घास अडला नाही. त्या दिवशी त्याला स्वतःचीच भीती वाटली. नळ तसाच वाहू देऊन तो भिंतीला टेकून उभा राहिला.

रोहिणी सिस्टर आत आली. दवाखान्यातली ही जुनी नर्स, वयानं त्याच्याहून मोठी. तिनं नळ बंद केला आणि विचारलं, "सर, बरं न्हाई का?"

"सिस्टर, माझ्या हातून एखादा जीव जाईल एक दिवस," तो म्हणाला. "मी असा राहिलो तर नक्की जाईल."

"दुसरा डॉक्टर येऊ द्या, मग झोपा चार दिवस," ती म्हणाली. तिच्याकडे तरी दुसरं काय औषध होतं?

त्यानंतर थोड्याच दिवसांनी वनमाला मॅडम आल्या. कुठल्याशा मेडिकल कॉलेजात शिकवणाऱ्या. खेड्यापाड्यांतले डॉक्टर कामानं किती करपून गेलेत, हे मोजायला निघालेल्या. तालुक्याच्या मीटिंगमध्ये त्यांनी सगळ्या डॉक्टरांना प्रश्नांचे कागद वाटले, प्रत्येक प्रश्नापुढं ‘रोज’पासून ‘कधीच नाही’पर्यंत खूण करायच्या चौकटी. तापाला जसा थर्मामीटर तसं हे थकव्याला, म्हणाल्या. नाव गुप्त राहील, फक्त केंद्राचं नाव लिहा. जिथं थकवा सगळ्यात जास्त निघेल तिथं आधी दुसरा डॉक्टर द्यावा, अशी शिफारस आम्ही करणार आहोत आणि वरून तसा शब्द मिळालेला आहे.

परमेश्वर खुर्चीत सावरून बसला. कितीतरी दिवसांनी कुणाचं तरी बोलणं त्यानं पूर्ण ऐकलं.

बाई भली होती, पण तिला आपल्याकडची रीत ठाऊक नव्हती. आपल्याकडं वरून कसलाही कागद आला की त्याच्यावर एक शब्द लिहायचा असतो, निरंक. म्हणजे आमच्याकडं काही नाही, सगळं ठीक. साथीचे रुग्ण? निरंक. तक्रारी? निरंक. निरंक लिहिणाऱ्याला कुणी काही विचारत नाही. दुसरं काही लिहिलं की खुलासा मागतात, खुलाशावर खुलासा मागतात, आणि शेवटी लिहिणाराच गुन्हेगार ठरतो. ह्या धाकात पिढ्या नोकऱ्या करून निवृत्त झाल्या.

वनमाला मॅडमची गाडी फाटकाबाहेर पडली न पडली तोच तालुक्याचे मोठे डॉक्टर मोहनराव उठले. "हे बघा, कागद माझ्याकडं द्यायचे, मी एकगठ्ठा पाठवतो. आणि डोकं लावत बसू नका. कधीच नाही, कधीच नाही, कधीच नाही. निरंक! विषय मिटला. माझ्या तालुक्यात कुणी थकलेलं नाही." सगळे हसले. मोहनराव वाईट माणूस होता म्हणावं तर तसंही नाही. त्याला निवृत्ती जवळ आली होती आणि ती सुखानं पार पाडायची होती.

परमेश्वरानं कागद बोरदऱ्याला आणला. पहिला प्रश्न होता, सकाळी उठल्यावर कामावर जायचं जिवावर येतं का? त्यानं ‘रोज’वर खूण केली. दुसरा, पेशंटचं पुढं काय होईल याचं काही वाटेनासं झालंय का? पेन तिथं बराच वेळ थांबलं. मग त्यानं तिथंही ‘रोज’वर खूण केली, आणि कुणीतरी छातीवरचा दगड उचलल्यासारखं त्याला हलकं वाटलं.

दवाखान्याचा कारकून बद्रीनाथ टपाल घेऊन आला होता. त्यानं वाकून बघितलं आणि कपाळावर हात मारला.

"साहेब, हे काय करून ठिवलं? हे मोहनराव साहेबाच्या हातात जाणार हाय! आन केंद्राचं नाव लिवलंय. आपल्या केंद्रात डॉक्टर कोन, तर तुमीच. मग गुप्त कसलं आलंय डोंबलाचं?"

"खरं आहे ते लिहिलंय, बद्रीनाथ."

"खरं आसंल हो! पर पेशंटचं काई वाटत न्हाई आसं डॉक्टर लिवून देतोय म्हनल्यावर उद्या गावात काय बोंब हुईल? डॉक्टरचं डोस्कं फिरलंय म्हंतील. आप्पारावाच्या कानावर गेलं तर म्हातारा बाजारात तोंड कसं दाखवील?"

बापाचं नाव निघालं आणि परमेश्वर ढिला पडला. बद्रीनाथानं प्रश्नांचा दुसरा कोरा कागद पुढं सरकवला. माणूस काळजीपोटीच करत होता, त्याला दोष तरी काय द्यायचा! परमेश्वरानं पहिला कागद फाडला. दुसऱ्यावर वरपासून खालपर्यंत सगळीकडे ‘कधीच नाही’वर खुणा केल्या. काम एका मिनिटात उरकलं. सगळं खोटं लिहायला विचार करावाच लागत नाही.

दुसऱ्या एका तालुक्यातल्या डॉक्टरांनी मात्र खरं लिहिलं. त्यांना दुसरे डॉक्टर मिळाले. बोरदऱ्याला काय मिळालं? तर हुकूम आला की आपल्या केंद्रात कामाचा ताण अजिबात आढळला नाही, सबब शेजारच्या केंद्राचा कारभारही आपणच बघावा. तिथला डॉक्टर बदलून गेला होता. आता दोन दवाखाने आणि परमेश्वर एक. हुकूम वाचून तो हसला, आणि ते हसणं रोहिणी सिस्टरला बिलकुल आवडलं नाही.

एवढ्यावर भागलं असतं तरी ठीक. पण दोन दवाखाने एकटा बघतो आणि तरी थकवा ज्याच्या आसपास फिरकत नाही असा डॉक्टर सापडला म्हटल्यावर त्याचा सत्कार नको? बीडच्या सभागृहात कार्यक्रम ठरला. "आलंच पाहिजे," मोहनराव फोनवर म्हणाले. "आपल्या तालुक्याची इज्जत आहे."

कापूस वेचणीचे दिवस होते. परमेश्वर सकाळीच बीडला गेला. डोक्याला फेटा बांधला, खांद्यावर शाल आली, हातात नारळ आला. मग त्याला पहिल्या रांगेतल्या मऊ खुर्चीत बसवलं आणि भाषणं सुरू झाली. आणि तिथं, त्या गार हवेच्या सभागृहात, त्याला किती बरं वाटलं म्हणून सांगू! समोर पेशंट नाही, व्हरांड्यात टाहो नाही. डोळे मिटायला लागले.

खिशातला फोन थरथरला. त्यानं बघितलं, रोहिणी सिस्टर.

तिचा फोन म्हणजे काय ते त्याला ठाऊक होतं. ती उगाच फोन करणारी बाई नव्हे. त्यानं फोनकडं बघितलं, आणि मांडीवर पालथा घातला. फक्त जरा वेळ, असं स्वतःशी म्हणाला. फोन थरथरून थांबला. पुन्हा थरथरला. शालीतूनसुद्धा मांडीला कळत होतं. त्यानं डोळे उघडलेच नाहीत.

इकडं बोरदऱ्यात तुळजाबाईला साप चावला होता. सिदूची बायको. हा सिदू म्हणजे आप्पारावाच्या मेंढरांबरोबर आपली मेंढरं चारणारा, परमेश्वराला लहानपणी खांद्यावर घेऊन माळ तुडवलेला माणूस. बाई कापसात वाकली आणि पायाला डसलं. सिदूनं तिला शेजाऱ्याच्या मोटारसायकलवर बसवून दवाखान्यात आणलं तेव्हा ती बोलत होती, पण पापण्या मिटत चालल्या होत्या. सापाच्या विषावरची लस कपाटात होती. रोहिणीनं सलाईन लावलं, लस काढून हाताशी ठेवली आणि फोन लावला. ती लस उलटली तर पेशंट जाग्यावर जातो, म्हणून डॉक्टरच्या हुकमाशिवाय नर्सनं हात लावायचा नाही, असा सक्त नियम. परमेश्वर फोनवर नुसतं "लावा" म्हणाला असता तरी तिनं लावली असती. मोहनरावांचा फोन बंद. शेजारच्या केंद्राला विचारावं तर तिथलाही डॉक्टर हाच! शेवटी ॲम्ब्युलन्स आली, आणि बीडच्या वाटेवर, घाटात, तुळजाबाईचा श्वास थांबला.

परमेश्वर बोरदऱ्याला पोचला तेव्हा तिला परत आणून व्हरांड्यात ठेवलं होतं. फेटा त्यानं गाडीतच काढून टाकला होता. माणसं जमली होती. रोहिणी दाराशी उभी होती, रडून रडून डोळे सुजलेले. तिनं त्याच्याकडं बघितलं आणि मान फिरवली. आप्पाराव भिंतीशी उकिडवा बसला होता, हातातली काठी आडवी.

सिदू उठून पुढं आला. परमेश्वराला वाटलं, आता हा गचांडी धरणार. धरली असती तर फार बरं झालं असतं. पण सिदूनं हात जोडले.

"साहेब, सिस्टर बाई लई फोन लावीत हुत्या. तुमाला रेंज नसंल, न्हाई का?"

"हां, रेंजच नसती तिकडं," मागून बद्रीनाथ घाईघाईनं म्हणाला. "मोठ्या इमारतीत लागतच न्हाई फोन."

चारचौघांनी माना डोलावल्या. रेंज नव्हती. सगळ्यांना ते पटलं, आणि पटवून घ्यायचंच होतं. आप्पारावानं पोराकडं बघितलं. एक "हो" म्हटलं की मिटत होतं. बापाची मान ताठ राहिली असती, सिदूच्याही जिवाला थोडा आधार झाला असता.

"रेंज होती," परमेश्वर म्हणाला.

सिदूला समजलं नाही. तो तसाच हात जोडून बघत राहिला.

"मंग? कावून न्हाई उचलला?"

"बघितला मी फोन. नाव बी बघितलं." परमेश्वर आता आपल्या घरच्या बोलीत बोलत होता. "लई थकलोय सिदूदादा. दोन वरसं झाली. मला उचलू वाटला न्हाई."

आप्पारावानं काठीवर डोकं टेकवलं. सिदूनं जोडलेले हात हळूहळू खाली घेतले.

"मंग आदी कावून न्हाई सांगितलंस, परमा?" तो म्हणाला. "मी तिला थेट बीडला नेली नसती का?"