ऐकू आलं नाही

आमच्या ह्यांच्याकडे एकच सफारी होती. राखाडी रंगाची, चार खिशांची. लग्नानंतरच्या पूजेसाठी साताऱ्याच्या शिंप्याकडून शिवून घेतलेली. वेम्बलीला आलो तेव्हा ती बॅगेत होती, आणि पुढं कुणाचं बारसं, मुंज, लग्न असलं की कपाटातून तीच निघायची. बाकीचे पुरुष सूट घालून यायचे, हे सफारी घालून. "सूटला टाय लागतो. गळा आवळलेला माणूस खरं बोलत नाही," असं त्यांचं म्हणणं.

नितीन, आमचा मुलगा, ब्रिस्टलला विमानांच्या कारखान्यात इंजिनिअर आहे. ह्यांचं हृदय दमलंय, आता ऑपरेशन झेपणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं त्याच आठवड्यात त्याचा फोन आला. "बाबा, आपण केनियाला सफारीला जाऊया." हे लंडनची बस चालवून घरी आले की टीव्हीवर जनावरंच बघत बसायचे, ते त्याला ठाऊक होतं. फोन ठेवला आणि हे सरळ कपाटाकडे गेले. "सफारीला सफारीच घातली पाहिजे!" मला वाटलं थट्टा करतायत. पण विमानतळावर हे खरंच ती घालून उभे होते. अंग उतरलं होतं, त्यामुळं खुंटीवर टांगल्यासारखी दिसत होती. नितीन माझ्या कानाशी म्हणाला, "आई, सगळे लोक बघते." ह्यांनी ऐकलं. "बघते नाही रे, बघतात. आणि बघू देत."

मी चौथीपर्यंत शिकले. इतक्या वर्षांत इंग्रजी बरंच समजायला लागलं, पण तोंडातून निघत नाही. चारचौघांत मराठीही निघत नाही, तर इंग्रजीचं काय. माझं सगळं बोलणं हेच करायचे. डॉक्टरांनी मला विचारावं कुठं दुखतं, आणि ह्यांनी सांगावं, "लेफ्ट नी. सिन्स दिवाळी." एकदा एक डॉक्टरीणबाई जरा रागानंच म्हणाली की मला पेशंटशी बोलायचंय. हे म्हणाले, "शी इज शाय. आय ॲम नॉट." तीसुद्धा हसली.

आमच्या माहेरी बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. नुसतं घेतलं तर त्याचं आयुष्य कमी होतं, असं आई सांगायची. उखाण्यात घेतलं तर चालतं. मला उखाणाही एकच येतो, आईनं पाठ करून घेतलेला. लग्नात तो मी खाली मान घालून पुटपुटले. शेजारून हे केवढ्यानं ओरडले, "ऐकू आलं नाही!" मांडव हसला आणि मला तो परत घ्यावा लागला. तेव्हापासून त्यांना ती खोडच लागली. चहाचा कप माझ्यासमोर उंच धरायचे. "नाव घे, मग देतो." मी नुसते ओठ हलवायची. "ऐकू आलं नाही." चहा निवेपर्यंत आमचं हे चालायचं. इथं लिहितानाही मी 'हे' असंच लिहिते आहे. जिथं नाव लिहावंच लागेल तिथं लिहीन.

केनियात पहिले काही दिवस हे लहान पोरासारखे होते. जीप चालवणारा जोसेफ त्यांना 'मझे' म्हणायचा. तिकडे वडीलधाऱ्या माणसाला तसं म्हणतात. "मझे, व्हेरी स्मार्ट," असं तो सफारीकडे बघून म्हणाला, तेव्हा ह्यांनी नितीनकडे असं पाहिलं, की बघ, जंगलात तरी कदर आहे. सिंह दिसला तो झाडाखाली चार पाय वर करून झोपलेला, तोंडावर माशा. हे मला म्हणाले, "अगं, हा तर तुझा दादा. पुरणपोळी झालेली दिसते."

शेवटच्या दिवसांत मात्र हे एकदम गप्प झाले. दम लागायचा, पाय सुजले होते, पण गप्प झाले ते त्यामुळं नव्हे. जेवणाच्या तंबूत वाढपी माझ्याजवळ येऊन विचारायचा, सूप हवं का, भात हवा का. मी सवयीनं ह्यांच्याकडे बघायची. हे दुसरीकडे बघत. वाढपी थांबून थांबून पुढं जायचा. नितीन माझ्यासाठी सांगायला लागला तर ह्यांनी त्याच्या हातावर हात ठेवला. "तिला सांगू दे."

मी पानावरून उठून आमच्या झोपायच्या तंबूत जाऊन रडले. मागून हे आले, धापा टाकत. म्हणाले, "मी काय जन्मभर तुझा लाउडस्पीकर आहे का?"

"आत्तापर्यंत होतात ना?"

"होतो. आता बॅटरी संपत आली. तुझं पुढं कसं व्हायचं गं? नितीन ब्रिस्टलला. तू त्या घरात एकटी, दारावर कुणी आलं तर पडद्याआडून बघत बसशील."

मी म्हटलं, "तसलं काही बोलू नका." पण ते खरंच होतं. त्यांनी त्या जंगलात जनावरं बघायची सोडली होती, आणि मला बोलतं करायला बसले होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वाढपी आला. हे झाडाकडे बघत राहिले. मी म्हणाले, "टी." तो म्हणाला, "येस, मॅडम," आणि खरंच चहा घेऊन आला. ह्यांनी झाडाकडे बघतच मान डोलावली. "उद्या दूधही माग."

दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांना बरं वाटेना, म्हणून आम्ही दोघं तंबूत राहिलो आणि नितीन जोसेफबरोबर गेला. थोड्या वेळानं ह्यांना श्वासच घेता येईना. छातीवर हात दाबून धरला होता. मी बाहेर धावले, तोंडातून शब्द निघाला नाही, पण माझा चेहरा बघूनच कॅम्पचा मॅनेजर गाडी घेऊन आला. जवळच्या गावात एक लहानसा दवाखाना होता. ह्यांना सफारीसकट खाटेवर झोपवलं, तोंडावर ऑक्सिजनचा मास्क लावला. मग नर्स माझ्याकडे वळली. मनगटावर बांधायची पट्टी तिच्या हातात होती. आईच्या वयाच्या बाईला तिकडे 'मामा' म्हणतात. "मामा, व्हॉट इज हिज नेम?"

प्रश्न मला समजला. अगदी नीट समजला. पण आजवर नुसतं नाव कधी घेतलं नव्हतं, आणि ते आत्ता घ्यायचं, हे असे पडलेले असताना? पासपोर्ट नितीनजवळ होते. तिनं परत विचारलं. हे माझ्याकडे टक लावून बघत होते. शेवटी मी डोळे मिटले आणि जे येत होतं ते म्हटलं:

"विहिरीच्या पाण्याला रहाटाची साथ, दत्तात्रयरावांचा धरला मी हात."

नर्सनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग सुरुवातीचा शब्द जुळवत पट्टीवर लिहायला लागली. "मिस्टर... विहिरीच्या?"

मास्कच्या आत ह्यांचं हसू फुटलं. खांदे हलायला लागले, शेजारचं यंत्र ओरडायला लागलं. नर्स घाबरली. "सॉरी मामा, अगेन?" आणि ह्यांनी मास्क बोटानं बाजूला केला. "मलाही ऐकू आलं नाही."

मग मी नुसतं नाव सांगितलं. उखाण्याशिवाय, मोठ्यानं. "दत्तात्रय." बाहेर बाकावर बसलेल्या बायकांनीही वळून पाहिलं. हे डोळे मिटून म्हणाले, "झालं. आता जमेल तुला."

दुपारी नितीन पोचला. लहान विमानानं ह्यांना नैरोबीच्या मोठ्या इस्पितळात नेलं. ज्या दिवशी आम्हाला लंडनला परतायचं होतं, त्याच दिवशी हे गेले. सफारी इस्पितळातल्या लोकांनी घडी करून प्लॅस्टिकच्या पिशवीत माझ्या हातात दिली. येताना विमानात ती माझ्या मांडीवर होती. आईचं ते बोलणं मी नितीनला सांगितलं. तो रडत म्हणाला, "आई, नावानी काही नाही होत. बाबाची हार्ट वीक होता." तसंच असेल. तो शिकलेला आहे. पण त्याचं मराठी दुरुस्त करायलाही आता कुणी नाही.

वेम्बलीला आल्यापासून सगळे मला ह्यांचंच नाव विचारतात. बँक विचारते, पेन्शनवाले विचारतात, लायब्ररीसुद्धा विचारते. जन्मभर जे नाव घ्यायला लाजले ते आता रोज घेते, आणि लाजायला समोर कुणी नाही. जमेल तुला, म्हणाले होते. जमतं. जमून काय करायचं, ते मात्र सांगितलं नाही.

काल कौन्सिलच्या बाईचा फोन आला. मी नाव सांगितलं, एकेक अक्षर सांगितलं. "दॅट्स व्हेरी क्लिअर, थँक यू," ती म्हणाली.

फोन ठेवून मी चहा केला आणि कप घेऊन कपाट उघडलं. सफारी हँगरला होती. तिच्यासमोर उभी राहून मी नाव घेतलं, अगदी हळू, नुसते ओठ हलवून. मुद्दाम ऐकू येणार नाही असं घेतलं.

चहा निवेपर्यंत उभी होते.